जुनाट दाहक आजार असताना ऑपरेशन: तारीख ठरल्यापासून औषधं पुन्हा सुरू होईपर्यंत

ऱ्हुमॅटॉइड संधिवात, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (पाठीच्या मणक्यांचा संधिवात), सोरायसिस, ल्युपस, आणि आतड्याचे दोन: क्रोन्स, अल्सरेटिव्ह कोलायटिस. नावं वेगळी, तज्ज्ञ वेगळे, पण ऑपरेशनची वेळ आली की अडचण सारखीच येते. आजार आवरून धरणारी औषधं प्रतिकारशक्तीला लगाम घालतात. ती चालू ठेवली तर जखमेत जंतू शिरायची भीती. बंद केली तर आजार उचल खातो, सांधे सुजून चालणं थांबतं किंवा पोट बिघडून अन्न जात नाही, मग स्टेरॉइड वाढवावं लागतं आणि वाढलेल्या स्टेरॉइडने जखम भरत नाही. म्हणजे जी भीती टाळायला औषध थांबवलं, तीच फिरून समोर उभी.

यातल्या बऱ्याचशा चुका दोन डॉक्टरांच्या मधल्या रिकाम्या जागेत होतात. सर्जन धरून चालतात की औषधांचं संधिवाततज्ज्ञ किंवा पोटविकारतज्ज्ञ सांगतील. त्या तज्ज्ञांना ऑपरेशनची तारीखच कळलेली नसते. भूलतज्ज्ञ भेटतात तोवर औषधाचा निर्णय घ्यायची वेळ निघून गेलेली असते. म्हणून या सगळ्या धावपळीत एक कागद सर्वांत महत्त्वाचा: औषधांचं वेळापत्रक. तो तयार करणं, त्यावर दोन्हीकडची संमती घेणं आणि शेवटपर्यंत तो जवळ बाळगणं हे काम तुमचं किंवा तुमच्या घरच्यांचं आहे असं धरूनच चाला.

खाली दिलेले दिवस आणि आठवडे हे सर्वसाधारण नियम आहेत. डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारायला ते वापरा. त्यांच्या भरवशावर स्वतःहून गोळी बंद किंवा सुरू करू नका.

१. ऑपरेशन किती थांबू शकतं ते आधी विचारा

सर्जनना पहिला प्रश्न हाच: "हे ऑपरेशन महिना-दोन महिने पुढे गेलं तर काय बिघडेल?" उत्तरावर पुढचं सगळं ठरतं.

गुडघा किंवा खुब्याचा सांधा बदलणं, हर्निया, बोटांची वाकडी झालेली हाडं सरळ करणं ही सवडीने करायची ऑपरेशनं. इथे तारीख औषधाच्या डोसप्रमाणे बसवता येते, आणि तशीच बसवावी. कर्करोगाचं किंवा अरुंद झालेल्या आतड्याचं ऑपरेशन काही दिवस थांबेल, काही महिने नाही. फुटलेलं आतडं, मोडलेलं हाड, पू भरलेला सांधा यांना थांबणं नाही. त्यासाठी शेवटचा टप्पा पाहा.

मोतीबिंदू, त्वचेवरची गाठ काढणं, दात काढणं अशा लहान कामांसाठी औषधं बहुतेक वेळा थांबवावी लागत नाहीत. तरी विचारा, कारण "ऑपरेशन आहे" एवढं ऐकून सरसकट सगळं बंद करायला सांगणारेही भेटतात.

सवडीचं ऑपरेशन असेल तर आणखी एक अट पाळा. आजार भडकलेला असताना तारीख घेऊ नका. दाह ताब्यात असणाऱ्याची जखम चांगली भरते आणि तो लवकर उठून चालायला लागतो.

२. एका पानाचं वेळापत्रक बनवा

तारीख ठरायच्या आधीच बनवा. आडव्या कागदावर प्रत्येक औषधासाठी एक ओळ आणि सहा रकाने:

- औषधाचं मूळ नाव, कंपनीचं नाव नव्हे
- डोस आणि किती वेळाने (रोज, आठवड्यातून एकदा, दर ८ आठवड्यांनी)
- शेवटचा डोस कोणत्या तारखेला घेतला किंवा घ्यायचा
- ऑपरेशनच्या दिवशी सकाळी: घ्यायचं की नाही
- पुन्हा कधी सुरू करायचं
- सुरू करा असं कोण सांगणार

शेवटचा रकाना सर्वांत जास्त वेळा रिकामा राहतो, आणि नेमका त्यामुळेच माणसं दोन-दोन महिने औषधाविना बसून राहतात. "सर्जन जखम पाहून हिरवा कंदील देतील, मग तज्ज्ञ तारीख सांगतील" असं स्पष्ट लिहून घ्या.

यादीत फक्त मुख्य औषधं नकोत. वेदनाशामक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधं, मधुमेहाची औषधं, सांध्यात घेतलेली इंजेक्शनं, दम्याचा स्टेरॉइड असलेला पंप, आयुर्वेदिक काढे, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, सगळं लिहा. रक्तस्रावावर आणि भुलेवर यातल्या काहींचा परिणाम होतो.

हे पान तज्ज्ञांना दाखवा, त्यांच्याकडून भरून आणि सही करून घ्या, मग त्याच्या प्रती सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांच्या फाइलमध्ये लावा. तोंडी निरोप पोचवायची जबाबदारी घेऊ नका.

३. कोणतं औषध चालू, कोणतं बंद

सर्वांत स्पष्ट नियम खुबा आणि गुडघा बदलण्याच्या ऑपरेशनसाठी आहेत. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या आणि सांधेबदल सर्जनांच्या संघटनांनी ते २०१७ मध्ये एकत्र काढले आणि २०२२ मध्ये सुधारले. बाकीच्या मोठ्या ऑपरेशनांनाही अनेक डॉक्टर तोच आधार घेतात.

*चालू ठेवायची:* मेथोट्रेक्सेट, लेफ्लुनोमाइड, सल्फासॅलाझिन, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, ॲप्रेमिलास्ट. मेथोट्रेक्सेटबद्दल जुनी समजूत अजून घट्ट आहे की ते आधी बंदच करायला हवं. मूत्रपिंडं नीट चालत असतील आणि कुठे जंतुसंसर्ग नसेल तर ते थांबवून फायदा होत नाही, उलट आजार उसळतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन शरीरात अनेक आठवडे टिकून राहतं, त्यामुळे ते आठवडाभर बंद ठेवून काही साधतही नाही.

*बायोलॉजिक इंजेक्शनं:* म्हणजे दाहाच्या एखाद्याच दुव्यावर नेम धरणारी, जिवंत पेशींपासून बनवलेली औषधं. यांचा हिशेब दिवसांवर नाही, डोसच्या चक्रावर आहे. नियम असा: पुढचा डोस घ्यायचा नाही, आणि तो ज्या आठवड्यात पडला असता त्याच्या आसपास ऑपरेशन ठेवायचं.

- ॲडॅलिमुमॅब दर २ आठवड्यांनी: शेवटच्या डोसनंतर तिसऱ्या आठवड्यात ऑपरेशन
- इटॅनरसेप्ट दर आठवड्याला: दुसऱ्या आठवड्यात
- गोलिमुमॅब किंवा सेक्युकिनुमॅब दर ४ आठवड्यांनी: पाचव्या आठवड्यात
- इन्फ्लिक्सिमॅब दर ८ आठवड्यांनी: नवव्या आठवड्यात
- उस्टेकिनुमॅब दर १२ आठवड्यांनी: तेराव्या आठवड्यात
- रिटुक्सिमॅब दर ६ महिन्यांनी: सातव्या महिन्यात

इथे नेहमीची फसगत अशी होते की तारीख आधी ठरते आणि इंजेक्शनचा विचार नंतर. नवव्या आठवड्यात करायचं ऑपरेशन मग तिसऱ्या आठवड्यात येऊन पडतं आणि भरतीच्या दिवशी रद्द होतं. म्हणून तारीख मागतानाच सर्जनच्या सहायकाला सांगा: "माझ्यासाठी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचा आठवडा चालेल."

आतड्याच्या आजारात पोटाचं ऑपरेशन असेल तर गणित थोडं निराळं. बायोलॉजिकचा डोस नुकताच झाला म्हणून गरजेचं ऑपरेशन लांबवू नये, असा अलीकडचा कल आहे. तिथे जास्त नुकसान मोठ्या डोसचं स्टेरॉइड आणि कुपोषण करतात.

*टोफासिटिनिब, बॅरिसिटिनिब, उपाडासिटिनिब:* २०२२ च्या सुधारणेनुसार ३ दिवस आधी बंद. ही औषधं शरीरातून पटकन बाहेर पडतात, त्यामुळे आजारही पटकन डोकं वर काढू शकतो. उगाच आठवडाभर आधी थांबवू नका.

*अझाथायोप्रिन, मायकोफेनोलेट, सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस:* ल्युपस सौम्य असेल तर आठवडाभर आधी थांबवतात. मूत्रपिंड, मेंदू अशा अवयवांना धोका असलेला तीव्र ल्युपस असेल तर चालूच ठेवतात. हा निर्णय फक्त तुमच्या तज्ज्ञांचा.

*वेदनाशामक गोळ्या:* आयब्युप्रोफेनचा रक्तावरचा परिणाम साधारण दिवसभरात उतरतो, नॅप्रोक्सेनला तीन-चार दिवस लागतात. ॲस्पिरिन रक्तातल्या बिंबिकांना (प्लेटलेट्सना) त्यांच्या उरलेल्या आयुष्यापुरतं निकामी करतं, म्हणून ७ ते १० दिवस. पण हृदयात स्टेंट असेल किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर ॲस्पिरिन हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करायचं नाही. हे वाक्य वेळापत्रकावर ठळक लिहा.

४. स्टेरॉइड: एकही दिवस चुकवू नका

आपलं शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. बाहेरून तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड मिळालं की मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी काम कमी करतात. एरवी हे जाणवत नाही. ऑपरेशनसारखा ताण आला की शरीराला जास्त कॉर्टिसॉल लागतं, ग्रंथी झोपलेल्या असतात, आणि रक्तदाब एकदम खाली येतो.

त्यामुळे "उपाशीपोटी राहायचं आहे" म्हणून सकाळची स्टेरॉइडची गोळी सोडणं ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत धोक्याची चूक. घोटभर पाण्याबरोबर ती घ्यायचीच असते. भूलतज्ज्ञांकडून तसं लेखी घ्या, म्हणजे वॉर्डात कोणी अडवणार नाही.

वरून जादा डोस द्यावा का, यावर दोन मतं आहेत. सांधेबदलासाठीचे अमेरिकी नियम म्हणतात, नेहमीचाच डोस पुरे. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२० च्या सूचना म्हणतात, ५ मिलिग्रॅम किंवा जास्त प्रेडनिसोलोन चार आठवडे घेणाऱ्याला भूल देताना १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोन शिरेतून द्यावं आणि पुढे २४ तासांत २०० मिलिग्रॅम. तुमचे डॉक्टर कोणती पद्धत पाळतात ते विचारा. दोन्ही पद्धतींत एक गोष्ट समान आहे: नेहमीचा डोस कधीच तुटत नाही. ऑपरेशननंतर उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर तोच डोस इंजेक्शनने हवा, आणि तो मागून घ्यावा लागला तरी संकोच करू नका.

नावं वेगळी असली तर गोंधळू नका. प्रेडनिसोलोन ५, मिथाइलप्रेडनिसोलोन ४, डेफ्लाझाकोर्ट ६, हायड्रोकॉर्टिसोन २० मिलिग्रॅम हे ढोबळमानाने एकमेकांच्या बरोबरीचे. गेल्या काही महिन्यांत स्टेरॉइड बंद झालं असेल तरी सांगा. ग्रंथी जाग्या व्हायला वेळ लागतो.

सवडीच्या ऑपरेशनआधी डोस जमेल तितका खाली आणायचा असतो, निदान रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या आत. हे आठवड्यांचं काम आहे, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली पायरी-पायरीने करायचं. आणि जो सांधा बदलायचा आहे त्यातच स्टेरॉइडचं इंजेक्शन घेतलं असेल तर त्यानंतर तीन महिने तरी जाऊ द्या, कारण त्याआधी सांधा बदलल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

५. आधीचे सहा आठवडे: रक्त, दात, त्वचा, तंबाखू

हिमोग्लोबिन तपासून घ्या, आणि तिथेच थांबू नका. जुनाट दाहात फेरिटिन फसवं असतं. ते लोहाचा साठा दाखवतं खरं, पण दाहानेही वाढतं, त्यामुळे साठा संपत आला तरी आकडा बरा दिसतो. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही (लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलेलं आहे ते) करून घ्या. ते २० टक्क्यांच्या खाली आणि फेरिटिन १०० च्या खाली असेल तर लोह कमी असण्याची शक्यता दाट आहे. दाह चालू असताना आतडं लोह नीट शोषत नाही, म्हणून गोळ्यांनी फरक पडला नाही तर शिरेतून लोह देण्याबद्दल विचारा. त्याचा परिणाम दिसायला आठवडे लागतात. आदल्या आठवड्यात विचारून उपयोग नाही.

तंबाखू आणि सिगारेट किमान चार आठवडे आधी बंद. जखम भरण्यासाठी याच्याइतकं परिणामकारक दुसरं फारसं काही तुमच्या हातात नाही.

दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन या. किडका दात, सुजलेली हिरडी, लघवीची जळजळ, पायाच्या बोटांमधली चिरलेली त्वचा, नखाचा पू, हे सगळे जंतूंचे रस्ते. कृत्रिम सांधा बसणार असेल तर हे आधी मिटवायलाच हवं. सोरायसिसचा चट्टा नेमका चिरेच्या जागी असेल तर सर्जनना आधीच दाखवा. तो बरा करून मग ऑपरेशन करणं बरं. सोरायसिसमध्ये चिरेच्या रेषेवरच नवे चट्टे उठू शकतात, बहुधा दहा ते वीस दिवसांत. ते दिसले तर जखम पिकली असं समजून घाबरू नका, पण दाखवा.

आतड्याच्या आजारात वजनाकडे लक्ष द्या. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल तर ऑपरेशनआधी एक-दोन आठवडे पोषण भरून काढतात. पोटावर शौच गोळा करणारी पिशवी लागण्याची शक्यता असेल तर तिची जागा आधीच पेनने आखून घ्या, उभं राहून, बसून आणि वाकून. कमरेच्या घडीत आलेली पिशवी सतत गळते. बोटं संधिवाताने वाकडी असतील तर पिशवीचे दोन-तीन प्रकार हातात घेऊन, उघडून-बंद करून पाहा.

फ्लू आणि न्यूमोनियाची लस राहिली असेल तर या काळात घ्या. जिवंत जंतूंच्या लसी या औषधांवर असताना सहसा चालत नाहीत. स्टेरॉइड घेणाऱ्यांनी साखरही तपासावी, मधुमेह नसला तरी.

६. भूलतज्ज्ञांना स्वतःहून सांगायच्या गोष्टी

ही भेट आदल्या रात्रीवर ढकलू देऊ नका. किमान आठवडाभर आधी मागा, कारण इथे निघणाऱ्या काही गोष्टींना तपासणी आणि वेगळी तयारी लागते.

*मान.* बरीच वर्षं ऱ्हुमॅटॉइड संधिवात असेल तर मानेचे वरचे दोन मणके एकमेकांवर सैल झालेले असू शकतात. श्वासनळीत नळी घालताना मान मागे झुकवतात, आणि सैल मणका मज्जारज्जूवर दाब देऊ शकतो. अनेकांना याचा काहीच त्रास जाणवत नाही. म्हणून मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेला एक्स-रे ऑपरेशनआधी हवा का, हे स्वतः विचारा. हातांना मुंग्या, मान वाकवली की पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखं वाटणं, डोक्याच्या मागच्या भागातलं दुखणं यातलं काही असेल तर नक्की सांगा. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसमध्ये उलट: मान वळतच नाही. तिथे जागेपणी कॅमेऱ्याच्या नळीने श्वासनळी गाठावी लागू शकते, आणि मणके जुळून आल्यामुळे कमरेतून भूल देणंही अवघड होतं.

*तोंड आणि आवाज.* तोंड किती उघडतं? तुमची तीन बोटं उभी मावतात का? जबड्याचा सांधा आखडला असेल, आवाज घोगरा झाला असेल, तर सांगा. स्वरयंत्रातही लहान सांधे असतात आणि तेही सुजतात.

*डोळे आणि बोटं.* डोळे कोरडे पडत असतील तर भुलेत ते बंद आणि मलम लावून ठेवायला सांगा. थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील तर शरीर ऊबदार ठेवायला हवं, आणि ऑक्सिजन मोजणारी चिमटी बोटाऐवजी कानाला लावता येते.

*रक्ताच्या गाठी.* ल्युपस असणाऱ्यांनी अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडीचा (या असतील तर गाठी होण्याचा धोका वाढतो) रिपोर्ट सोबत ठेवावा. रक्त पातळ करणारं औषध किती तास बंद राहणार हे त्यावर ठरतं.

*त्वचा आणि ठेवण.* वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेतलेली त्वचा कागदासारखी पातळ होते. चिकटपट्टी ओढून काढली तर साल निघते. कोणता खांदा वर जात नाही, कोणतं कोपर सरळ होत नाही हे सांगा आणि झोप लागायच्या आधीच ज्या ठेवणीत दुखत नाही तसं झोपवायला सांगा. भूल चढल्यावर तुम्ही सांगू शकणार नाही.

७. सोबत काय न्यायचं

- सही केलेलं वेळापत्रक, तीन प्रती
- तज्ज्ञांची शेवटची चिठ्ठी, निदान आणि कधीपासून आहे यासह
- रक्ताचे शेवटचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, यकृत, मूत्रपिंड, सीआरपी (दाह किती आहे ते दाखवणारी तपासणी)
- मानेचे, छातीचे एक्स-रे, असतील ते
- ॲलर्जीची यादी, काय झालं होतं त्यासह
- स्टेरॉइड घेत असल्याचं कार्ड, नसेल तर मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी
- विम्याची कागदपत्रं, आधीच्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड
- रोजच्या गोळ्या मूळ पाकिटात
- पुढून उघडणारे सैल कपडे, न घसरणारी बंद चप्पल, लांब दांड्याचा चिमटा

अंगठी सुजलेल्या बोटात अडकली असेल तर आठवडाभर आधी काढून घ्या. बायोलॉजिकची इंजेक्शन-पेनं घरच्या फ्रिजमध्येच ठेवा, २ ते ८ अंशांत. वॉर्डात ती उघड्यावर पडून खराब होतात.

पायाचं ऑपरेशन असेल तर कुबड्यांचा विचार आत्ता करा. साध्या कुबडीचा सगळा भार मनगट आणि बोटांवर येतो. हात संधिवाताने धरले असतील तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात आडवा टेकवायची सोय असलेल्या कुबड्या किंवा वॉकर लागतो. तो आधी आणून, उंची जुळवून, घरात चालून पाहा.

८. ऑपरेशनचा दिवस

घन अन्न ६ तास आधी बंद, स्वच्छ पाणी साधारण २ तास आधीपर्यंत चालतं. तुमच्या रुग्णालयाची वेळ वेगळी असेल तर ती पाळा. सकाळच्या गोळ्या वेळापत्रकाप्रमाणे. चिरेच्या जागेचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक कापांतून जंतू शिरतात. गरज असेल तर रुग्णालयात यंत्राने कापतात. सकाळी थोडी जरी कणकण, नवा खोकला, लघवीची जळजळ किंवा त्वचेवर फोड असेल तर लपवू नका. तारीख पुढे गेली तर परवडते.

९. वॉर्डातले दिवस

मेथोट्रेक्सेट हे *आठवड्यातून एकदा* घ्यायचं औषध आहे. वॉर्डाच्या चार्टवर ते चुकून रोजचं म्हणून लिहिलं गेलं तर रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. पहिल्याच दिवशी चार्ट पाहायला मागा आणि वार लिहिलेला आहे ना ते तपासा. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी ट्रायमेथोप्रिम असलेलं अँटिबायोटिक सुचवलं तर लगेच सांगा की मेथोट्रेक्सेट चालू आहे. ही जोडी धोक्याची. अझाथायोप्रिन आणि ॲलोप्युरिनॉल ही तशीच दुसरी. मूत्रपिंडाचे आकडे बिघडले किंवा जंतुसंसर्ग झाला तर मेथोट्रेक्सेट तात्पुरतं थांबवावं लागतं.

दाहक आजारात रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढलेला असतो, आतड्याच्या आजारात विशेषच. त्यासाठी पोटाच्या त्वचेत घ्यायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं घरी किती दिवस चालू ठेवायची ते लिहून घ्या. पोटरी एकाच बाजूला सुजली, दुखली, किंवा एकाएकी धाप लागली तर सकाळची वाट पाहू नका.

उलट्या, पोटदुखी, गुंगी आणि खाली आलेला रक्तदाब एकत्र दिसले तर नर्सना आठवण करून द्या: "हे स्टेरॉइड घेतात. डोस चुकला का?"

१०. आजार उसळला की जखम पिकली?

घरी आल्यावर सगळ्यांत जास्त घालमेल या प्रश्नाने होते. ढोबळ खूण अशी. आजार उसळतो तेव्हा एकाच वेळी बरेच सांधे, बहुधा दोन्ही बाजूंचे, दुखतात, आणि सकाळचा आखडलेपणा तासाच्या वर जातो. जंतुसंसर्ग एका जागी असतो: जखम जास्त लाल, गरम, ताणलेली, पाझरणारी, आणि दुखणं रोज कमी व्हायच्या ऐवजी वाढत जाणारं.

तापावर आणि सीआरपीवर पूर्ण विसंबू नका. सीआरपी कोणत्याही ऑपरेशननंतर वाढतंच, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतं आणि मग उतरत जातं. उतरलेलं पुन्हा चढलं तर ते महत्त्वाचं. स्टेरॉइडने ताप दबतो. टॉसिलिझुमॅब हे बायोलॉजिक घेणाऱ्यांत तर ताप आणि सीआरपी दोन्ही जवळजवळ मुके होतात. जखमेत पू असतानाही रिपोर्ट साधा येऊ शकतो. जो डॉक्टर तुम्हाला पहिल्यांदा पाहतोय त्याला हे माहीत असेल असं धरू नका, सांगा.

रोज एकाच वेळी, एकाच उजेडात जखमेचा फोटो काढून ठेवा. दोन फोटो शेजारी ठेवले की फरक लगेच कळतो. आजार उसळला तर काय करायचं, किती दिवस, किती डोस, हे भरती व्हायच्या आधीच तज्ज्ञांकडून लिहून घेतलेलं असावं.

११. थांबवलेली औषधं पुन्हा सुरू करणं

बायोलॉजिक आणि टोफासिटिनिबसारखी औषधं साधारण १४ दिवसांनी सुरू करतात, पण खरी अट दिवसांची नसून जखमेची आहे: टाके निघालेले, कडा जुळलेल्या, सूज, लाली किंवा पाझर नाही, आणि शरीरात दुसरीकडेही जंतुसंसर्ग नाही. स्टेरॉइडवर असणाऱ्यांचे टाके कधी कधी जास्त दिवस ठेवावे लागतात, म्हणून तारीख पुढे सरकली तर धीर धरा.

टाके काढायच्या दिवशी सर्जनना थेट विचारा: "जखम औषध सुरू करण्याइतकी भरली आहे का?" उत्तर वेळापत्रकावर तारखेसह लिहून घ्या आणि त्याच दिवशी तज्ज्ञांकडे पाठवा. महिन्यानंतरची भेट ठरलेली आहे म्हणून तोवर थांबू नका.

१२. अचानक ऑपरेशन करावं लागलं तर

तेव्हा औषध शरीरातून जाण्याची वाट कोणी पाहत नाही, आणि पाहूही नये. पाच गोष्टी पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या: आजार कोणता; बायोलॉजिकचा शेवटचा डोस कधी झाला; स्टेरॉइड किती आणि किती काळ; मेथोट्रेक्सेट कोणत्या वारी; मान सैल किंवा आखडलेली आहे का. एवढं लिहिलेलं छोटं कार्ड पाकिटात ठेवा, त्याचाच फोटो फोनच्या लॉक स्क्रीनवर लावा, आणि घरातल्या निदान एका माणसाला ते कुठे आहे हे दाखवून ठेवा. बायोलॉजिकचा डोस झाला की कार्डावरची तारीख त्याच दिवशी बदला.